‘<’ टाइप केलं की ‘>’ आपोआप यावं का?

कोड लिहायच्या एडिटरमध्ये गोल कंस उघडला की पुढे मिटता कंस आपोआप येतो. कोड लिहिणाऱ्यांच्या बोटांना याची इतकी सवय झालेली असते की तो आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. हीच सोय < या चिन्हाला लावली की काय होतं ते बघा. खालच्या उदाहरणांत ▮ म्हणजे कर्सर. नावं आणि कीवर्ड मुद्दाम मराठीत लिहिले आहेत.

जर (वय▮)

आता स्पेस देऊन < टाइप केलं:

जर (वय <▮>)

मग मर्यादा लिहिली:

जर (वय < मर्यादा▮>)

एक > फुकटचं मागे राहिलं. ते दिसलं तर बॅकस्पेसच्या उलट दिशेची डिलीट की शोधायची, नाही दिसलं तर कंपायलरची शिवी खायची. आणि कंपायलर बोट दाखवतो ते बहुतेक वेळा पुढच्याच कशावर तरी. अठरा ओळींच्या फाइलमध्ये हे चालून जातं. दिवसाला शंभर तुलना लिहिणाऱ्याला मात्र ही सोय म्हणजे पायात आलेलं मांजर.

तरीही ‘मग < ला जोडीच नको’ असं सरसकट म्हणता येत नाही. सी प्लस प्लस, जावा, रस्ट, टाइपस्क्रिप्ट, कॉटलिन या भाषांत यादी<पूर्णांक> असं रोज लिहावं लागतं आणि तिथे < खरोखरच कंस असतो. एकच चिन्ह, दोन नोकऱ्या. एडिटरला कुठली नोकरी चालू आहे ते ओळखायचं असतं आणि तेही पुढचं काही लिहिलेलं नसताना.

युनिकोडकडे दाद मागावी तर तिथेही निराशाच. प्रत्येक चिन्हाचा एक वर्ग युनिकोडने ठरवून दिला आहे. ( आणि [ यांचा वर्ग ‘उघडतं विरामचिन्ह’, ) आणि ] यांचा ‘मिटतं विरामचिन्ह’. < आणि > मात्र सरळ ‘गणिती चिन्ह’ या वर्गात आहेत, + च्या शेजारी. युनिकोडच्या लेखी खरे टोकदार कंस म्हणजे ⟨ आणि ⟩. ते कीबोर्डवर नाहीत, म्हणून भाषा रचणाऱ्यांनी लहान-मोठं दाखवणारी चिन्हं कंस म्हणून राबवली आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत.

एडिटर नेमकं काय काय करतो

‘ऑटो पेअरिंग’ म्हणजे एक काम नाही, चार आहेत. उघडता कंस टाइप केला की मिटता घालणे, हे पहिलं. आपण स्वतः मिटता कंस टाइप केला आणि तो समोर आधीच असला तर नवा न घालता कर्सर पलीकडे नेणे, हे दुसरं. रिकाम्या जोडीत बॅकस्पेस दाबलं तर दोन्ही कंस पुसणे, हे तिसरं. आणि मजकूर निवडून कंस टाइप केला तर त्याला दोन्ही बाजूंनी वेढणे, हे चौथं.

संदिग्ध चिन्हांची सगळी भांडणं पहिल्या दोन कामांत होतात. चौथ्यात जवळजवळ कधीच नाही: ‘पूर्णांक’ हा शब्द निवडून कोणी < दाबलं तर त्याला तुलना करायची नाही हे उघड आहे. म्हणून एडिटरमधल्या बऱ्याच भाषांच्या मांडणीत < > ही जोडी वेढण्याच्या यादीत असते, पण आपोआप मिटवण्याच्या यादीत नसते. व्हीएस कोड या एडिटरमधली टाइपस्क्रिप्टची मांडणी अशीच आहे. आमच्या मते बहुतेकांसाठी हाच शहाणा मध्यममार्ग आहे.

कुठल्याही चिन्हाला जोडी लावावी की नाही हे ठरवायला एक कसोटी फार उपयोगी पडते. कल्पना करा, एक माणूस डोळे मिटून टाइप करतो आहे. एडिटर मदत करतो हे त्याला माहीत नाही. उघडता आणि मिटता, दोन्ही कंस तो स्वतःच टाइप करतो. शेवटी पडद्यावर त्याने टाइप केलं तेच आणि तेवढंच असलं पाहिजे. गोल कंस या कसोटीला उतरतो: ( टाइप केलं, ) आपोआप आलं, त्याने मजकूर लिहिला, ) दाबलं, कर्सर पलीकडे गेला. हिशेब चुकता. ‘वय < मर्यादा’ नापास होतं, कारण > तो कधी टाइप करणारच नाही. पुढच्या प्रत्येक चिन्हाला हीच कसोटी लावून बघा.

कंपायलरलाही जे जड जातं

एडिटर बिचारा काय करणार, कंपायलरही इथे अडखळतात. सी प्लस प्लसमध्ये एकात एक टेम्प्लेट (यादी<यादी<पूर्णांक>> अशी) असली की शेवटी दोन > लागोपाठ येतात. २०११च्या मानकापर्यंत ते >> म्हणजे उजवीकडे सरकवण्याचं चिन्ह समजलं जाई आणि मध्ये मुद्दाम स्पेस सोडावी लागे: > >. रस्टमध्ये फंक्शन बोलावताना प्रकार सांगायचा असेल तर आधी दोन विसर्गचिन्हं द्यावी लागतात, वाच::<पूर्णांक>() अशी. नाही दिली तर कंपायलर म्हणतो, तुलनाचिन्हांची साखळी चालणार नाही.

गो भाषेने तर हा नादच सोडला. २०२२च्या मार्चमध्ये १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स (यादी<पूर्णांक> सारखे, प्रकार बाहेरून घेणारे) आले तेव्हा त्यांनी चौकोनी कंस घेतले. कारण या एका ओळीत सापडतं:

अ, ब = क < ख, ग > (घ)

ही दोन तुलनांची जोडी आहे की क<ख, ग> या जेनेरिक फंक्शनला घ देऊन बोलावलं आहे? क हे चल आहे की फंक्शन हे माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. सी शार्पने वेगळी वाट काढली: मिटत्या > नंतर कोणतं चिन्ह येतं ते बघायचं, ( ) ] : ; , . अशांपैकी काही आलं तर तो जेनेरिक धरायचा.

हा शेवटचा उपाय एडिटरच्या कामाचा नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. कंपायलरला पूर्ण ओळ दिसते, > च्या पुढचंही दिसतं. एडिटरला निर्णय घ्यायचा असतो < दाबल्याच्या क्षणी. त्या क्षणी कोड अर्धवट असतो, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने चुकीचा. ट्री-सिटरसारखा पार्सर (कोडचं व्याकरण वाचून त्याचं झाड बनवणारा) जोडला तरी त्याच्या झाडात नेमक्या त्याच जागी ‘इथे काहीतरी चुकलं आहे’ अशी गाठ असते. पार्सर हाताशी आहे म्हणून प्रश्न सुटला असं मानू नये.

मग अंदाज कशावरून बांधायचा

मुख्यतः डावीकडे काय आहे त्यावरून. < च्या आधी स्पेस असेल तर तुलना, नावाला चिकटून असेल तर कंस. हा नियम साधा आहे आणि बऱ्यापैकी चालतो, कारण कोड नीटनेटका करणारी साधनं तुलनेच्या दोन्ही बाजूंना स्पेस ठेवतात आणि जेनेरिकच्या आधी ठेवत नाहीत. पण अ<ब असं चिकटवून लिहिणारे लोक आहेत, आणि सी प्लस प्लसमध्ये template या कीवर्डनंतर स्पेस देऊन < लिहिणारेही आहेत. पहिल्यांना नको तिथे जोडी मिळेल, दुसऱ्यांना हवी तिथे मिळणार नाही.

ही दोन नुकसानं सारखी नाहीत. जोडी आली नाही तर एक की जास्त दाबावी लागते, बस. नको असताना आली तर आधी ती लक्षात यावी लागते, मग पुसावी लागते आणि विचाराची तार तुटते ती वेगळीच. म्हणून शंका असेल तिथे एडिटरने हात आखडता घ्यावा. महिरपी कंसाचं वेगळं आहे: तिथे जोडीबरोबर नवी ओळ आणि समासही मिळतो, फायदा मोठा असतो. < च्या जोडीने वाचते ती फक्त एक की.

दुसरं काम, म्हणजे ओलांडणं, हेही < > च्या बाबतीत सापळा ठरतं. टाइपस्क्रिप्टमध्ये वचन< टाइप केलं, > आपोआप आलं. आत बाणाचा प्रकार लिहायचा आहे:

वचन<() =▮>

बाण पूर्ण करायला > दाबलं. एडिटरला वाटलं, समोरचं > ओलांडायचं आहे:

वचन<() =>▮

बाण झाला, पण मिटता कंस त्याच्या पोटात गेला. डोळे मिटून टाइप करणारा शेवटी स्वतःच > दाबेल, त्याचं निभावेल. एडिटरवर भरवसा ठेवणारा मात्र ‘मिटता कंस आधीच आलाय’ या समजुतीत पुढची ओळ लिहायला घेईल. यावर उपाय: लगतच्या डावीकडे = किंवा - असेल तर > ने कधीही ओलांडू नये, नवं चिन्ह घालावं. एक ओळीची अट आहे, पण < > ची जोडी हाताने लिहिणारे बरेचजण हीच विसरतात.

एकेरी अवतरणाचं लचांड

' च्या तुलनेत < सोपं म्हणावं लागेल. इथे उघडतं आणि मिटतं चिन्ह एकच, शिवाय नोकऱ्या दोनावर थांबत नाहीत. इंग्रजी टिप्पणीत ते अपोस्ट्रॉफी असतं. हॅस्केलमध्ये नावाच्या शेवटी येतं, मॅटलॅबमध्ये मॅट्रिक्सच्या मागे लागून तिला आडवी करतं, सी प्लस प्लसमध्ये २०१४च्या मानकापासून मोठ्या आकड्यांत हजारांच्या जागी बसतं. या सगळ्यांना बहुतेक वेळा एकच नियम पुरतो: डावीकडे अक्षर किंवा अंक असेल तर जोडी घालू नका.

पण रस्टमधला लाइफटाइम, ओकॅमलमधलं प्रकारचल आणि लिस्पमधलं कोट हीही याच चिन्हाने सुरू होतात आणि त्याच्या डावीकडे & किंवा स्पेस किंवा कंस असतो. तिथे हा नियम लंगडा पडतो. या भाषांत ' ला जोडी पूर्ण बंद ठेवणं हेच बरोबर. रस्टमध्ये एका अक्षराचा लिटरल ('अ' असं थेट मूल्य) लिहिताना जोडी मिळणार नाही, पण तिथे तीन कीजपैकी एक वाचवून मिळवणार तरी काय?

नियमाला उलट बाजूनेही अपवाद आहे. पायथनमध्ये स्ट्रिंगच्या आधी एफ, आर, बी अशी अक्षरं लागतात. डावीकडे अक्षर आहे म्हणून जोडी अडवली तर नेमक्या या स्ट्रिंग अडतात. व्हीएस कोडच्या पायथन मांडणीत म्हणूनच ‘एफ आणि अवतरण’ ही दोन्ही मिळून एक उघडतं चिन्ह म्हणून नोंदवलेली आहेत, प्रत्येक अक्षराची वेगळी.

‘डावीकडे अक्षर आहे का’ हा प्रश्न देवनागरीत आणखी चिघळतो. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात) बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे फक्त रोमन अक्षरं, ० ते ९ हे इंग्रजी अंक आणि अधोरेखा. क हे त्याच्या लेखी अक्षरच नाही. ते सुधारून युनिकोडचा ‘अक्षर’ वर्ग वापरला तर क, र, ळ चालू लागतात, पण काना, वेलांटी, उकार, हलन्त आणि अनुस्वार ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. परिणाम असा की ‘दर’ या शब्दाला चिकटून मिटतं अवतरण टाइप केलं तर ठीक, ‘किंमती’ला चिकटून केलं तर एक जादा अवतरण. दोष काही शब्दांवर दिसतो, काहींवर नाही, त्यामुळे शोधणारा चक्रावतो. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूललाही मात्रांचं हेच वावडं आहे. तपासणीत अक्षर, चिन्ह आणि अंक हे तिन्ही वर्ग घ्यावेत.

आणखी एक, इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी वापरणाऱ्यांसाठी. त्या मांडणीत [ च्या कीवर ड आहे, ' च्या कीवर ट, शिफ्टसह < च्या कीवर ष. प्लगइन ‘कोणती की दाबली’ हे बघत असेल तर ट लिहिताना अवतरणाची जोडी यायची. ‘कोणतं अक्षर आलं’ हे बघणारं प्लगइन वापरा.

तोल मोजणारे एडिटर

काही एडिटर फक्त शेजार बघत नाहीत, मोजणी करतात. ईमॅक्सचा इलेक्ट्रिक-पेअर मोड मुळातच तोल सांभाळतो: पुढे एखादा मिटता कंस आधीच जादा असेल, तर ( टाइप केल्यावर नुसतं ( घालतो. मोडलेली ओळ दुरुस्त करताना हे फार सुखाचं असतं.

बिघडतं ते एकटा कंस कायदेशीर असतो तिथे. बॅश या शेलमध्ये case च्या प्रत्येक पर्यायानंतर नुसता मिटता कंस येतो. भोळ्या मोजणीला प्रत्येक पर्याय म्हणजे एक जादा कंस वाटतो आणि त्या भागात ( ची जोडी येईनाशी होते. ईमॅक्सचा शेल मोड अशा कंसाला खूण लावून साधं विरामचिन्ह ठरवतो. तशी सोय नसलेल्या एडिटरमध्ये पर्यायाआधी उघडता कंसही लिहा. शेलच्या पॉसिक्स मानकात तो चालतो आणि तोल जागेवर राहतो. टिप्पणीतला :) हा हसरा चेहराही मोजणी बिघडवू शकतो. फ्रेंच पद्धतीने खुला अंतराल लिहिणारे ]०, १[ असं लिहितात, तिथे तर उघडता-मिटता ही कल्पनाच उलटी होते.

तीन एडिटर, तीन वाटा

ईमॅक्समध्ये प्रत्येक चिन्हाचा वर्ग ‘सिंटॅक्स टेबल’मध्ये असतो आणि जोडी घालायची की नाही हे त्यावरून ठरतं. ऑर्ग मोडच्या (टिपणं आणि कामांच्या याद्या लिहायच्या ईमॅक्सच्या मोडच्या) टेबलात < आणि > कंस म्हणून नोंदलेले आहेत, कारण तिथे तारखा <> मध्ये लिहितात. त्यामुळे दोन त्रास होतात. < आणि एस टाइप करून टॅबने कोडचा चौकट-साचा आणणाऱ्यांना मागे एक > उरलेलं दिसतं. आणि कोडच्या चौकटीत <= किंवा -> आलं की गोल कंसाची जोडी जुळत नाही म्हणून लाल रंग दिसतो. फक्त पहिला त्रास असेल तर इलेक्ट्रिक-पेअर-इनहिबिट-प्रेडिकेट या चलात, ऑर्गच्या हुकमधून (मोड सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीतून) आणि त्या बफरपुरतं, म्हणजे उघडलेल्या फाइलपुरतं, असं फंक्शन द्या: चिन्ह < असेल तर ‘अडव’, नसेल तर मूळ फंक्शनला विचार. दुसराही असेल तर त्याच हुकमध्ये मॉडिफाय-सिंटॅक्स-एंट्रीने दोन्ही चिन्हांना ‘.’ म्हणजे विरामचिन्हाचा वर्ग द्या. मग तारखेच्या या टोकावरून त्या टोकावर कंस म्हणून उडी मारता येणार नाही, एवढं गमवावं लागेल. एकंदरीतच कमी जोड्या हव्या असतील तर तयार असलेला ‘कन्झर्व्हेटिव्ह-इनहिबिट’ हा पर्याय घ्या. पुढे शब्द चिकटलेला असेल किंवा तेच चिन्ह असेल तर तो गप्प बसतो.

व्हीएस कोडमध्ये एकेका चिन्हाची जोडी सेटिंग्जमधून बदलता येत नाही. ती भाषेच्या मांडणीफाइलमध्ये असते आणि ती एक्स्टेन्शनकडून येते. आपल्या हातात आहे ते ‘ऑटो क्लोझिंग ब्रॅकेट्स’ आणि ‘ऑटो क्लोझिंग कोट्स’, दोन्हींना चार पर्याय: नेहमी, भाषा ठरवेल तसं, फक्त पुढे मोकळी जागा असताना, कधीच नाही. ते भाषेगणिक वेगळे ठेवता येतात. ‘ऑटो क्लोझिंग ओव्हरटाइप’ मात्र ‘ऑटो’वरच राहू द्या: तेव्हा एडिटर स्वतः घातलेलाच मिटता कंस ओलांडतो, तुम्ही टाइप केलेला नाही. एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांनी प्रत्येक जोडीला ‘नॉट-इन’ लावून स्ट्रिंग आणि टिप्पणी वगळावी. ‘ऑटो-क्लोझ-बिफोर’ यादीत, कर्सरच्या पुढे काय असताना जोडी चालेल ते असतं. ही यादी ‘यांच्याआधीच चालेल’ अशी असल्यामुळे देवनागरी शब्दाच्या आधी ( टाइप केलं तर जोडी येत नाही, आणि तेच हवं असतं.

व्हिममधला ‘मॅचपेअर्स’ हा पर्याय % ने जोडीवर उडी मारण्यासाठी आहे, टाइप करताना मिटतं चिन्ह घालण्याशी त्याचा संबंध नाही. त्यात <:> जोडता येतं, अवतरण नाही, कारण जोडीतली दोन चिन्हं वेगळी असावीच लागतात. निओव्हिमच्या ऑटोपेअर्स प्लगइनमध्ये < साठी एक नियम बरेचजण वापरतात: आधी अक्षरं, नंतर हवी तर एक-दोन विसर्गचिन्हं, मगच जोडी. रस्टचा ::< त्यात छान बसतो. पण नियमात फक्त अक्षरांचा वर्ग असेल तर ज्याचं नाव अंकाने संपतं अशा प्रकाराला जोडी मिळत नाही. तिथे अंक आणि अधोरेखा घाला. एचटीएमएल आणि जेएसएक्ससाठी हा नियम बंद ठेवा. तिथे टॅग मिटवणारी वेगळी साधनं असतात आणि ती > टाइप झाल्यावरच जागी होतात, म्हणजे निर्णय उशिरा घेतात, म्हणून क्वचित चुकतात.

बदल केल्यावर रिकाम्या फाइलमध्ये, ज्या भाषेत काम करता त्या मोडमध्ये, या ओळी एका दमात टाइप करा. आपोआप आलेल्या चिन्हांकडे लक्ष न देता प्रत्येक चिन्ह स्वतः दाबा.

अ < ब
अ<ब
यादी<यादी<पूर्णांक>>
वचन<() => रिक्त>
&'अ नाव
'किंमती'
हो) छापा ;;
]०, १[

पहिल्या आणि चौथ्या ओळीत एकही चिन्ह कमी-जास्त होता कामा नये. दुसरी ओळ जोडीच्या नियमाने बिघडणारच असेल, तर तुमच्या संघात तसं चिकटवून कोण लिहितं ते विचारून मग नियम ठेवा. शेवटची बिघडली आणि तुम्ही फ्रेंच पद्धतीचे अंतराल लिहीत नसाल, तर ती सोडून द्या.